मागचा पंजा

व्रोत्स्वाफला जानेवारीत चारलाच दिवे लागतात.
माझं काम सुरू होतं दहाला:
अंधारात बघणाऱ्या कॅमेऱ्यातून
झोपलेल्या लुबोमिरचं खाजवणं मोजायचं.

तासाला छप्पन्न. काल एकसष्ट.
नखं आम्हीच कापतो, रविवारी, अगदी मुळापर्यंत.
तरी सकाळी चादरीवर
बारीक तपकिरी ठिपके,
पेन झटकून शाई येतेय का पाहावं, तसे.

मूत्रपिंडं सात वर्षांपूर्वी थांबली,
कंड त्यानंतर सुटला.
पुरळ नाही, गांधी नाही, ओरखडे सोडले तर कातडी कोरी.
आधीच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, साबण कुठला?
मग, घरी मांजर आहे?
मग, एकटेच राहता का?
तेव्हापासून डॉक्टर दिसला की तोच आधी विचारतो,
तुम्हाला कधी खाजलंय, रात्रभर?

तळमजल्यावर यागोदा उंदराच्या गालात
सुईने एक थेंब सोडते.
दुखलं तर तो पुढच्या पंजाने गाल पुसतो,
खाजलं तर मागचा पंजा उचलतो.
बास. एवढंच.
आणि पुस्तकांत किती वर्षं लिहिलेलं होतं
की खाज म्हणजे दुखण्याचीच धाकटी बहीण.

डायलिसिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या
लुबोमिरला मी हे सांगितलं.
बत्तीस वर्षं ट्राम चालवलेला माणूस.
हसला. म्हणाला, आम्हाला हात दोनच,
आणि दोन्ही एकाच कामाला.
मग बऱ्याच वेळाने, नळीतलं रक्त बघत:
ब्रोनिया होती तेव्हा
पाठीचा मधला भाग तिच्याकडे होता.
आता दाराची चौकट आहे.

तक्त्यात चौकटीसाठी रकाना नाही.
मी समासात लिहिलं.
यागोदाने खोडलं नाही.

त्याला मिळते ती नवी गोळी
की नुसती साखर, मला माहीत नाही.
तिलाही नाही.
डबीवर फक्त आकडा.

पहाटे चार. पडद्यावर त्याचा हात
मांडीपाशी येतो आणि थांबतो.
बटणावर बोट ठेवून मी वाट बघते.
चार मिनिटं. सहा.
बाहेर पहिली ट्राम वळणावर किंचाळते,
तो कूस बदलतो, हात तिथंच.
आणि माझ्या मानेवर, कॉलरच्या आत,
काहीतरी चालायला लागतं.

मी खाजवते.
सवयीने बटण दाबलं जातं.
एक.
खोडावं लागणार.