खांबाला लावलेला दांडा

बसताना काही होत नाही.
बसणं म्हणजे नुसतं पडणं असतं,
रस्त्यापासून वीतभर उंच सीटमध्ये.
प्रश्न उठण्याचा आहे.
एक हात दाराच्या चौकटीला, एक छताला,
छत लावलेलं असलं तर.
डावा गुडघा आधी, मग उजवा, मग मी,
आणि सोसायटीचा चौकीदार मेश्राम
तेवढा वेळ दुसरीकडे पाहतो, सभ्यपणे.

दोन हजार एकची. एमएच एकतीस.
दोन सीटा, फायबरचं अंग, लाल.
बनवणारी कंपनी कधीच मिटली.
उमरेडच्या खाणीवर भूवैज्ञानिक होते मी,
थकबाकीचे पैसे एकदम हातात आले त्या वर्षी.
आई म्हणाली, फ्लॅट घे.
भाऊ म्हणाला, मागे सीटच नाही, बसणार कोण?
मी म्हणाले, कोणीच नाही.
तेच तर.

परवा वर्धा रोडच्या शोरूममध्ये
भाचीनं, ऋजुतानं, मला नव्या गाडीत बसवलं.
बसवलं कसलं, मीच बसले,
जेवायच्या खुर्चीवर बसावं तशी.
आवाज नाही, धूर नाही,
मे महिना काचेबाहेर ठेवलेला,
पाठीला सीटमधून गार वारा.
खोटं का बोलू, आवडली मला.
मेट्रोच्या खांबांखालून अशी गेली
की दोनदा विचारलं, सुरू आहे ना?

मग जुनीची किंमत काढायला
तिथल्या पोरानं संगणकात तिचं नाव शोधलं.
यादी खाली, यादी वर, परत खाली.
"मॅडम, ही येतच नाहीये."
त्यानं 'इतर' वर बोट ठेवलं.
इतर : बावीस हजार.

गड्डीगोदामला नखातेंकडे गेले.
वाटलं, हे तरी म्हणतील, ठेवा.
चोवीस वर्षं त्यांनीच जगवलीय तिला
परक्या अवयवांवर :
व्हॅनचा वायपर, टेम्पोचा आरसा,
कुठल्याशा जीपचं रबर.
बॉनेट उघडलं, चष्मा कपाळावर सारला,
परत खाली घेतला.
"इकून टाका बाई.
गाडीले काही नाही झालं. मलेच आता
बारका स्क्रू दिसून नाही राहिला.
पोरगं पुण्याले गेलं. माह्यामागं कोन खोलन हिले?"

दाराजवळ रंगाचा पोपडा सुटलाय.
नखानं खरवडला, सवयीनं.
वरचा लाल, दोन दसऱ्यांपूर्वीचा.
त्याखाली उन्हानं विटकरी झालेला.
त्याखाली राखाडी पुट्टी,
वर्धमाननगरचा चौक, तो ट्रक, ती रात्र.
आणि अगदी तळाशी मूळचा लाल,
अजून ओला वाटावा असा.
खाणीत आम्ही थरांना वय विचारायचो.
त्यांनी कधी उलट विचारलं नाही.

रात्री साडेदहाला, डांबरातून ऊन निघत असताना,
छत काढून उमरेड रोडनं पाचगावपर्यंत.
ऐंशीला ती थरथरते.
शंभरच्या पुढे थरथर थांबते,
जसं तिला काहीतरी आठवलंय.
ढाब्यावरची पोरं उठून उभी राहिली,
"काय गाडी आहे बे!"
मग आतली मी दिसले.
थोडा वेळ कोणी काही बोललं नाही.
मग एकानं सलाम ठोकला. थट्टेत, बहुतेक.

आरटीओनं तपासून पाच वर्षं दिलीत.
धंतोलीच्या डॉक्टरनं गुडघ्यांना तेवढीच.
नखातेंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन बारा तारखेला.
पैसे मी भरलेत. दान नाही हे,
स्पेअर पार्ट आहे.
ऋजुताला अजून कळवलं नाही,
बुकिंगचे पाच हजार परत मिळत नाहीत म्हणे.

आणि काल सुताराला बोलावून
पार्किंगच्या खांबाला, कमरेच्या उंचीवर,
सागवानी दांडा ठोकून घेतला.
मेश्रामनं लोंबकळून पाहिला, पक्का आहे का.
"कायले पायजे जी?"

उठायले, म्हटलं.