पाचवा टायर

कुडचड्यात, सावर्ड्याच्या पुलाकडे उतरताना
डाव्या हाताला कायतान रोझारियोचं दुकान.
बाहेर टायरांची उतरंड, आत एक पंखा, एक कॉम्प्रेसर.
कायतान आधी बोलत नाही,
आधी उकिडवा बसतो.

माझ्या जुन्या टायरच्या खाचांतून
त्यानं पेचकसानं एकेक खडा काढला
आणि पायरीवर मांडत गेला.
जांभ्याचा तांबडा चुरा: नेत्रावळी.
एक काळा, जड दाणा: बंद खाणीचा रस्ता,
जो अजून कुणी झाडलेला नाही.
बाटलीची हिरवी काच: कुठलं तरी लग्न.
बाकी सगळी डांबराची बारीक खडी.
"दोतोर, गोरवां उणीं, डांबर चड."

खरंच होतं.
दवाखाना ते घर, घर ते शर्वाणीची शाळा,
औषधं आणायला मडगाव.
खऱ्या चिखलात मी महिन्यातून तीनदा.
तरी बोट दाखवलं ते भिंतीवरच्या राक्षसाकडे,
बोटभर खोल खाचा, कडेला दात,
चिखल खाऊन थुंकणारा.

कायताननं मान हलवली.
हा सत्तरच्या पुढे आरडतो,
ओल्या उतारावर ब्रेक मारला की विचार करत बसतो,
डिझेल पितो ते वेगळंच,
आणि तुझी पोर मागच्या सीटवर झोपायची नाही.
त्यापेक्षा हा मधला बघ,
डांबराला जावई, मातीला मुलगा.

मी त्याला सांगितलं नाही
श्रावणातल्या रात्रीचं.
सगुण वेळीपाची पाडी, पहिलं वेत,
वासराचा एकच पाय बाहेर,
आणि मी अलीकडच्या ओहोळाच्या चढावर.
चारही चाकं फिरतायत, थार जागची हलत नाही,
खाचा मातीनं लिंपून गेलेल्या,
खाली चार वरवंटे.
मग डावं पुढचं कुशीत फाटलं.
मागची स्टेपनी उतरवली तर ती पार टकली,
चार वर्षं नुसती फिरायला आलेली.

दोन किलोमीटर चालले, खांद्यावर दोर आणि पिशवी.
सगुणनं पाणी तापवून ठेवलं होतं,
तीनदा निवलं, तीनदा तापवलं.
पाडी वाचली.
"रस्तोच तसो, दोतोर," तो म्हणाला.
रस्ता तसाच होता.
टायर माझे होते.

मी मधल्याच्या कुशी अंगठ्यानं दाबून पाहिल्या,
फुगलेलं पोट दाबतात तशा.
कडेचे चार आकडे वाचले,
एकोणतिसावा आठवडा, गेलं वर्ष.
जनावर घेताना दात बघतातच.
कायतान जरा दुखावला, मग हसला.
हाच, म्हटलं, पण जाड कुशीचा.

"चार?"
पाच.
"पाचवो कोण घेता गे?
जुन्यातला बरा बघून मागं टांगतात सगळे."
ठाऊक आहे, म्हटलं.
तो माझ्याकडे बघत राहिला,
पाचव्यावर चारशे सोडले
आणि का ते विचारलं नाही.

रिमच्या कडेला त्यानं साबणाचं पाणी चोपडलं,
मी कोपरापर्यंत चोपडते तसंच,
आणि हवा भरताच रबर फाट्कन जागेवर बसलं.
पाचदा तो आवाज.
पाचही वेळा मी दचकले.
डांबराला बत्तीस, तो म्हणाला,
चिखलात शिरताना अठरावर आण,
आणि वर आलीस की परत भरायला विसरू नको,
सगळे तेच विसरतात.

नव्या रबराला बारीक केस असतात,
वासराच्या कानाला असतात तसे.
सांग्याला पोचेपर्यंत खालच्या चारांचे झडले.
मागे टांगलेल्याचे अजून आहेत.
शर्वाणी रोज शाळेच्या फाटकाशी उतरते,
एखादा उपटते,
आणि आत जाते.