तुलनेचं गाव

कल्ला उचलून बघायचा आधी.
लालबुंद असला तर सकाळचा,
विटकरी पडला तर कालच्या जाळ्यातला.
मग डोळा. मग बोटाने पोट दाबायचं, खळगा राहतो का ते.
हे मला यशोदा पालशेतकरणीने शिकवलं,
तिच्या तोंडात मी टॉर्च धरली त्या दिवशी.
"आज तू माजा कल्ला बग," म्हणाली,
आणि जवळ्याच्या वाळवणाशेजारी उकिडवी बसून
आ केला.

बघितलं. गालाच्या आत, जिभेच्या दोन्ही कडा,
जीभ वर करायला लावून खालचा तळ.
हिरड्यांवर मिश्रीचा काळा काठ,
खडकावर भरतीची रेघ राहते तसा.
पांढरा चट्टा नाही. लाल नाही.
तोंड तीन बोटं उघडतं.
फॉर्म क्रमांक बोरखाडी, दोनशे सतरा.

"दुकत नाय त्याला बगायचा कशाला?"
दुखत नाही म्हणूनच, मावशी.
वास सुटल्यावर कल्ला कोण बघतं?
हे मात्र तिला लगेच पटलं.

पलीकडे नवाशेत. मधे फक्त एक तर,
माणशी दहा रुपये.
तिथेही तोच तव्यावर जाळलेला तंबाखू,
तीच तर्जनी, काळी.
पण रत्नागिरीच्या कचेरीत
स्टीलच्या डब्यात चोवीस गावं घालून हलवली,
चिठ्ठ्या माझ्याच हाताने उचलल्या:
बोरखाडी निघालं तपासणीत,
नवाशेत तुलनेत.
तुलनेच्या गावात नाव लिहायचं, वय, किती वर्षं मिश्री,
तंबाखू वाईट असं सांगणारा कागद द्यायचा
आणि टॉर्च पिशवीतच ठेवायची.
आठ वर्षांनी दोन्ही काठांवरची मरणं मोजायची.

नेवरेकर मॅडमनी फळ्यावर समजावलं होतं,
टॉर्चने माणूस वाचतो असं आपल्याला वाटतं,
वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.
कळलं होतं मला. अजूनही कळतं.
दुसरा काठ नसेल तर खाडी किती रुंद
ते सांगणार कोण?

पण सुलताना मुकादम हसली.
नवाशेतच्या धक्क्यावर, ऐन दुपारी,
माझ्या कागदाची होडी करून नातवाला देताना
अशी मान मागे टाकून हसली
की ऊन थेट आत गेलं,
आणि टॉर्च न लावता मला दिसला
डाव्या गालात, करवंदाएवढा,
शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा पांढरा.

फॉर्मवर त्याला चौकट नव्हती.

तरीत जाऊन बसले. तर सुटायच्या आत उतरले.
तरीवाला म्हणाला, काय विसरलं?
सुलतानाला म्हटलं, उद्या पलीकडे या, दवाखान्यात.
"मना काय झालाय?"
काही नसेलही, म्हटलं. पण या.

रात्री मॅडमना फोन.
बराच वेळ त्यांच्याकडच्या पंख्याचाच आवाज.
मग म्हणाल्या, "पाठव तिला.
आणि तू काय केलंस ते तारखेसकट लिही.
खाडाखोड करू नकोस."

तुकडा काढून मुंबईला पाठवलाय. सतरा दिवस झाले.
सुलताना रिपोर्टचं विचारत नाही.
परवा जाळ्याची गाठ दाताने ओढता ओढता
एवढंच म्हणाली,
माझी बहीण मागल्या आळीत राहते,
तिचा कोण बघणार?

यादीत अजून एकशे ब्याण्णव जणी आहेत.

आता नवाशेतला मी बाराच्या तरीने जाते,
ऊन डोक्यावर असताना.
कागद वाटते. वय विचारते.
आणि निघता निघता
काहीतरी हसायचं सांगते.

वहीत तेही लिहिलंय.