गोळाबेरीज

सेतुबालमध्ये जानेवारीत भिंतींना घाम फुटतो.
टेबल कोरडं करून मी तीन कागद मांडलेत:
झुल्मिराचा भाडेकरार,
गेल्या वर्षी मीच तिला धाडलेल्या पत्राची नक्कल,
आणि लायब्ररीतल्या पोराने राजपत्रातून छापून दिलेलं पान,
ज्यावर माझ्या कामाची ओळ एकच:
एक पूर्णांक शून्य दोन एक सहा.

भाचा आदेरितु म्हणतो, मावशी, नऊशे माग.
बंदराकडे नऊशेच चाललंय.
उभ्याउभ्याच म्हणतो, बोटावर गाडीची किल्ली फिरवत.
बस म्हटलं. बसला नाही.

लायब्ररीतला पोरगा मात्र बसून बोलला.
चालू भाड्याला या आकड्याने गुणायचं, त्याच्या वर जायचं नाही.
मागल्या वाढीला वर्ष भरलेलं हवं.
तीस दिवस आधी पत्र, सहीचं, रजिस्टर, पोचपावतीसकट.
पत्रात नुसती रक्कम नको, हा आकडाही लिहा, आजी.
दिवसभरात त्याने हे इतक्यांना सांगितलं असावं
की शेवटचे शब्द जांभईत गेले.

मागली वाढ मार्चची. म्हणजे पत्र आज टाकलं तरी चालेल.
इथवर सगळं सरळ होतं.

मग पेन्सिल घेतली.
चालू भाडं चारशे दहा.
चारशे दहा.
हे दहा आले कुठून?

त्याआधी तीनशे ऐंशी होते.
त्या वर्षीचा आकडा एक पूर्णांक शून्य सहा नऊ चार.
गुणलं. हातचे घेतले. खोडून पुन्हा गुणलं.
चारशे सहा युरो, अडतीस सेंट.
तीन युरो बासष्ट सेंट मी वर घेत होते,
महिन्यामागून महिना,
गोळाबेरीज म्हणून.
आठवतं, मनाशी म्हणालेही होते:
तिलाही सोपं जाईल.

सोपं!
चौदाव्या वर्षी सार्डिनच्या कारखान्यात लागले तेव्हा
भोंगा वाजला की रात्री दोनलाही पळायचो,
एप्रन बांधत, चिखलातून.
मुकादम बेलार्मिनु पावणेसात तासांचे सहा लिहायचा.
कुणी विचारलं तर हसून म्हणायचा,
अगं, हिशोब सोपा पडतो.
त्याला आम्ही काय काय म्हटलंय, ते इथे लिहिता येणार नाही.
पन्नास वर्षांनी त्याचीच पेन्सिल माझ्या हातात सापडली,
तिलाही तशीच टोकं चावलेली.

अकरा महिने गुणिले तीन बासष्ट.
एकोणचाळीस ब्याऐंशी.
आणि नवी वाढ चारशे दहावर धरायची नाही,
चारशे सहा अडतीसवर धरायची:
चारशे पंधरा युरो, सोळा सेंट.
मी ते सोळा सेंट दोनदा गिरवले.

विसाच्या दोन नोटा घेऊन वर गेले.
झुल्मिराची इस्पितळातली रात्रपाळी संपलेली,
डोळे लाल, दोरीवर ओला निळा गणवेश.
मी कागद दाखवला, चूक माझी म्हटलं,
हे तुझे.
तिने नोटा घेतल्या. रागावली नाही, आभारही मानले नाहीत.
कागद खिडकीपाशी नेऊन
ओठ हलवत सगळा गुणाकार तपासला,
माझ्यासमोर, सावकाश.
मी दारात उभी. चपलेत पाय गार पडले.

मग आत गेली, बरणीतून चिल्लर काढली
आणि अठरा सेंट माझ्या तळव्यावर
एकेक करून ठेवले.
मोजून घ्या, म्हणाली.

मोजले.

जिना उतरायला वळले तर मागून आवाज आला:
दोना एर्मेलिंदा, वाढीचं पत्र पाठवा, मार्चपासून देते.
पण तो गीझर
ऑक्टोबरपासून गळतोय.

त्याला कुठलाच आकडा नव्हता गुणायला.
मी कठड्याला धरून उभी राहिले,
मुठीत अठरा सेंट,
आणि पहिल्यांदा ऐकलं ते टपटपणं
जे माझ्याच छताच्या वर चाललं होतं.