आठ औंसाचे हात

शिदू मोरबाळेच्या पंजाचं माप मी सुतळीनं घेतलं.
टेप होता घरात, पण बापाची सवय.
डावा हात उजव्याहून दोराभर मोठा.
हे पुढं मुंबईत, बेळगावात ज्यांना कळलं
त्यांना जरा उशिरा कळलं.

कोल्हापुरात तेव्हा मोजे म्हणजे पायात घालायचे.
गंगावेशीकडच्या तालमीतनं त्याला काढलेला,
पट काढायच्या जागी मूठ मारली म्हणून.
वस्ताद म्हणाले, माती मूठ सोसत नाही, जा.
गेला तो पलटणीत.
आला तो नाकाचं हाड मोडून, हसत,
आणि म्हणाला, मला आठ औंसाचे दोन हात शिवून दे.

वर शेळीचं कातडं, आत पागेतल्या घोड्यांची आयाळ,
मनगटाला चपलेचीच वादी.
वजनाला शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर गेलो.
तोलाईवाल्यानं काट्यावर उभा केला:
तीन ढेपा, आणि वर पाच शेराचं माप.
हमाल म्हणाले, चाखून बघा की.

मुंबईहून पट्टा आणला त्यानं, हेवीवेटचा,
आपल्या भागातला पहिला.
स्टेशनावर हलगी होती, गुलाल होता,
आणि गर्दीतनं एकच प्रश्न: पाठ लावलीस का?
नाही, म्हणाला, बारा फेऱ्या उभाच होता गडी. मी पण.
मग जिंकलं कोण?
हलगी थांबली.
त्यानं खिशातनं कागद काढला, पंचांचे आकडे.
कागदावरची कुस्ती! म्हणत
निम्मी माणसं दुधाच्या कट्ट्यावर निघून गेली.

सात वर्षं. टाके मी घातलेत, म्हणून सांगतो.
पहिल्यांदा शिवण उसवायची बोटांच्या अंगानं,
म्हणजे तो मारत होता.
पाचव्या वर्षापासनं मनगटाजवळ,
म्हणजे तोंडापुढं हात धरत होता.
हुबळीच्या रेल्वेतला फायरमन, कोण पेरेरा,
त्याची नि ह्याची लढत मी बघितली नाही.
मोजे आले टपालानं.
उजव्यातली आयाळ रक्तानं ताठ झालेली.

मग स्टुडिओच्या फाटकावर दरवान.
राक्षस कमी पडला की दाढी चिकटवून आत घ्यायचे.
नायकाची एक चापट खाऊन उताणं पडायचं, तीन रुपये.
तिथं त्याची पाठ लागायची
आणि थेटरात शिट्ट्या.

एकदा दुपारचा दुकानात आला, मोजे काखेत.
यातनं नातवाला चपला निघतील का?
रापी लावून बघितली. घामानं खाल्लेलं कातडं,
तळाला चालणारं नव्हतं.
अंगठे तेवढे निघाले.
बाकी म्हशीचं घातलं, माझ्याकडचं.

पैसे नको म्हणालो. ऐकतोय कुठला.
डावी मूठ पुढं केली,
आत चार आणे.
बोटं एकेक करून सुटेनात.
मी आरीला मेण लावत बसलो,
घाई कुणाला होती.