निशाणी बांगडी

रेकॉर्ड रूममध्ये पंखा लावायचा नाही.
कागद उडतात, म्हणतो निवृत्ती गांगुर्डे.
आठ कलेक्टर उडून गेले,
तो इथेच आहे, किल्ल्यांसकट.

रॅक सात, खालून दुसरा कप्पा.
लाल मांजरपाटाचा रुमाल, गाठ अशी
की बांधणाऱ्याला वाटलं नसावं
हा पुन्हा कुणी सोडेल.
आत वेखंडाचा वास, एक मेलेली कसर,
आणि मोडी.
आधी रेघ ओढायची दोरीसारखी,
मग तिच्यावर अक्षरं वाळत घालायची;
शब्द कुठे संपतो
ते वाचणाऱ्याने बघून घ्यावं.

मी शोधत होतो दुसरंच.
बाहेर बाकावर पेठ तालुक्याचे एक गृहस्थ
खापरपणजोबाच्या नावापुढची जात मागायला बसलेत,
सकाळपासून, डबा मांडीवर.
त्यांच्याऐवजी हाताला लागली ही:

चिमाबाई भ्रतार मयत सटवाजी तांबट,
राहणार तांबट आळी, कसबे नाशिक,
विरुद्ध म्युनिसिपालटी.
मागणी: घंगाळ एक, तांब्याचे,
डावे कडीपाशी पोचा.
किंमत रुपये साडेचार.

प्लेगाच्या साली पथक आलं.
कौलं उतरवली, घरात ऊन सोडलं,
अंथरूण जाळलं, नवऱ्याला नेलं,
आणि घंगाळ नेलं, ‘धुवून परत देणेकरिता’.
दावा फक्त घंगाळाचा आहे.
बाकीचं धुवून परत देतो
असं कुणी म्हटलंच नव्हतं.

तारीख पडली. वकील गैरहजर.
तारीख पडली. हाकिमांस हिवताप.
तारीख पडली. गंगेला पूर,
साक्षीदार पंचवटीत अडकले.
चौथ्या तारखेला तिची जबानी:
घंगाळ मयताने लग्नाचे साली आपले हाताने ठोकले.
पोचा माझे हातून पडला.
काढून देतो म्हणाले, काढला नाही.
पुढे दोन शब्द खोडलेले.
भिंगाखाली धरले तर दिसतात:
‘मयत हसला’.
कारकुनाला तो पुरावा वाटला नसावा.

खाली सही. निशाणी बांगडी,
बिकलम त्र्यंबक केशव अर्जनवीस.
कुणब्याने नांगर काढायचा, बाईने बांगडी,
शिरस्ताच तो.
मनगट रिकामं करून वर्ष झालेलं,
आणि सरकारी कागदावर ती बांगडी काढते आहे.
वर्तुळ पुरतं मिटलेलं नाही. तांदळाएवढी फट.
बोरू सुकला असेल.
मी त्यावर काही रचत नाही;
मला पैसे मिळतात पानामागे, वाचायचे.

निकालाचं पान नाही.
पाठीमागचं आहे, पुढचं आहे, मधलं नाही.

दुपारी रॅक अकरावर चढलो,
गृहस्थांच्याच कामासाठी, शपथेवर सांगतो.
म्युनिसिपालटीचा दवाखाना, सामान यादी.
खाटा चौदा. तसराळी सहा, पैकी फुटकी दोन.
घंगाळ एक, तांब्याचे, पोचलेले.
शेरा: बेवारस.
महिना तोच,
ज्या महिन्यात ती कोर्टात
स्वतःचं, नवऱ्याचं, आळीचं नाव सांगत उभी होती.
रॅक सात ते रॅक अकरा:
मोजली, तेरा पावलं.
मधे शंभराहून जास्त वर्षं
कुणी चाललं नाही.

शाईला इथे परवानगी नाही.
पेन्सिलीने, रुमालाच्या यादीत, शेऱ्याच्या रकान्यात
बारीक लिहिलं: पाहा रॅक अकरा, सामान यादी.
कोण पाहणार, निवृत्तीने विचारलं.
मी पेन्सिलीला टोक करत बसलो.

पाच वाजले. गाठ मारली, जरा सैल.
बाहेर गृहस्थ उठून उभे राहिले,
डबा तसाच, न उघडलेला.
सापडलं का हो साहेब?

म्हटलं, नाही अजून.
सोमवारी या.

आणि पायरी उतरेपर्यंत कळलं नाही
मी त्यांना काय दिलं ते.
तारीख.