मोजमाप वही, पान चौदा

नगरपालिकेच्या दप्तरात नाव आहे
सार्वजनिक करमणूक व व्यायाम मंदिर, बंदर रोड.
गावात तसं कुणी म्हणत नाही.
गावात नुसता हॉल.
देवी टोचल्या हॉलमध्ये, मतं पडली हॉलमध्ये,
तुफानात भरकटलेले गुजराती खलाशी
तीन रात्री झोपले ते हॉलमध्ये,
आणि बावतीस डिसोजाचं ठरलेलं लग्न
मोडलं तेही इथेच, सोडावॉटरच्या बाटल्या उघडल्यावर.

मी टेप धरून उभा आहे.
दुसरं टोक शिपाई आंगचेकरच्या हातात.
लांबी बासष्ट फूट.
रुंदी पूर्वेला अठ्ठावीस,
पश्चिमेला सव्वासत्तावीस.
पुन्हा मोजलं. सव्वासत्तावीसच.

हे नऊ इंच कुठे गेले
ते कुठल्याच नकाशात नाही.
इब्राहीम होडेकरांना माहीत आहे.
कॅरमची पावडर बोटांना लागून दहा वर्षं झाली,
तरी रोज चारला दारातल्या बाकावर येतात.
"थंय उंडीचा झाड होता," म्हणाले.
"होड्यांक तेल त्याचाच. तोडूक कोण देतलो?
मगे भिंत वाकली."
झाड केव्हाच पडलं.
भिंत अजून त्याला वाट देऊन उभी.

चिरा वरच्या सड्यावरचा.
चुना खाडीतल्या शिंपल्या भाजून केलेला;
नखाने खरवडला तर अजून चमकतो.
छपराचं काम धाकू मेस्त्रीने घेतलं,
ज्याने जन्मात घर बांधलं नव्हतं,
फक्त गलबतं.
म्हणून फळ्यांच्या फटीत काथ्या, वर राळ,
खिळ्यांची डोकी आत बुजवलेली,
जणू पाणी खालून यायचं आहे.
(एका उधाणाला आलंही. बाकं तरंगली.
छपराने काय म्हटलं असेल मनात?)

उंची मात्र चुकली.
वासे सोळा फुटांवर,
आणि गावाला नेमकं बॅडमिंटनचं वेड.
उंच टोला इथल्या पोरांना ठाऊकच नाही.
जिल्ह्याला जाऊन हरायची,
आणि जिल्ह्याची पोरं इथे आली की तीही हरायची,
मान वर करून.
नियमसुद्धा इथलेच:
फूल पहिल्या-दुसऱ्या कैचीत अडकलं तर पुन्हा सर्व्हिस,
तिसऱ्या कैचीत अडकलं
तर मारणाऱ्याचा पॉइंट गेला.

बायकांना मागचं दार होतं, नाटकापुरतं.
अठ्ठ्याहत्तरच्या मे महिन्यात सुलोचना कुबल
पुढच्या दाराने आली, साडी खोचून, बॅट घेऊन.
कुणी काही बोललं नाही.
पुढच्या वर्षी आठजणी होत्या,
आणि फायनल.
ती कशी संपली यावर
दोन आळ्या अजून एकमेकींचा फराळ घेत नाहीत.

शिडी लावली.
मला लिहायचंय ते एवढंच:
लाकूड कुठे कुजलं, किती घनफूट, पाडावं की राखावं.
वरून साहेबांनी काचेच्या इमारतीचं चित्र
आधीच पाठवलंय, झाडांसकट.
तुळईवर धूळ, चिमणीच्या काड्या,
आणि फुलं.
पिवळी पडलेली, काहींची नुसती बुचं.
एकेचाळीस मोजली. वहीत लिहिली.
दरसूचीत फुलांना दर नाही,
तो रकाना कोरा ठेवला.

एकाच्या बुचावर निळ्या शाईत "सु".

संध्याकाळी फोन लावला कोल्हापूरला,
लेकीकडे असतात त्या आता.
हॉल पाडतायत का, हे विचारतील असं वाटलं.
बराच वेळ काही नाही.
मग, "कितव्या कैचीत होतं रे?"
तिसऱ्या, म्हटलं.
"असं." श्वास ऐकू आला.
"शैला पेरुळकरचा नंबर आहे का तुझ्याकडे?"